रक्तात एमआरएसए सापडल्यानंतर हृदयाचा धोका कसा जोखावा

रुग्णालयात आठ-दहा दिवस काढलेल्या रुग्णाला एके संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो, रक्त कल्चरसाठी, म्हणजे त्यात जंतू वाढतात का हे पाहण्यासाठी, पाठवले जाते आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतून फोन येतो की बाटलीत ग्रॅम पॉझिटिव्ह गोल जंतू झुपक्याने दिसत आहेत. आणखी एक-दोन दिवसांत पूर्ण रिपोर्ट हाती पडतो आणि त्यावर स्टॅफिलोकॉकस ऑरियस, मेथिसिलिनला दाद न देणारा, म्हणजेच एमआरएसए, असे लिहिलेले असते. त्या क्षणापासून सगळ्यांचे लक्ष अँटिबायोटिक बदलण्याकडे लागते आणि ते योग्यच आहे. परंतु हे जंतू हृदयाच्या झडपांवर जाऊन बसले आहेत का, हा तितकाच महत्त्वाचा प्रश्न ताप उतरला की पुष्कळदा मागे पडतो. त्या प्रश्नाचा पाठपुरावा पद्धतशीरपणे कसा करावा, हे वॉर्डात काम करणाऱ्या निवासी डॉक्टरांसाठी आणि परिचारिकांसाठी येथे मांडत आहे. रुग्णाजवळ बसणाऱ्या नातेवाइकांनीही ते वाचावे, कारण निर्णय डॉक्टरांचा असला तरी धोक्याच्या अनेक खुणा प्रथम त्यांच्याच नजरेस पडतात.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस रक्तात सापडला की तो कधीही 'बाटलीत बाहेरून शिरलेला जंतू' म्हणून सोडून देऊ नये. त्वचेवरचे इतर स्टॅफिलोकॉकस कल्चर दूषित करतात हे खरे, पण हा जंतू एका बाटलीत वाढला तरी तो खराच धरून चालावे. ज्यांच्या रक्तात तो सापडतो अशा शंभर रुग्णांपैकी साधारण 10 ते 25 जणांना एंडोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या आतल्या अस्तराचा आणि झडपांचा संसर्ग, झालेला आढळतो. हा आकडा सरासरीचा आहे. समोरच्या रुग्णाचा धोका त्याहून पुष्कळ कमी किंवा पुष्कळ अधिक असू शकतो आणि तो कुठे बसतो हे ठरवणे हेच आपले काम आहे.

हृदयच का

1880च्या दशकाच्या सुरुवातीला ॲबर्डीनचे शल्यविशारद अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी पुवात हे जंतू पाहिले आणि द्राक्षांच्या घडासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून त्यांना नाव दिले. सूक्ष्मदर्शकाखाली आजही ते तसेच, घडाघडाने, दिसतात. त्यांच्या अंगावर अशी प्रथिने असतात की रक्त गोठवणाऱ्या तंतूंना आणि जखमी अस्तराला ती घट्ट चिकटतात. झडप आधीच खरखरीत किंवा चिंध्या झालेली असेल, कृत्रिम असेल, किंवा उजव्या कप्प्यातून पेसमेकरची तार गेलेली असेल, तर जंतूंना पकड मिळते. त्यावर गुठळी, गुठळीवर पुन्हा जंतू, असा थर वाढत जातो. या गाठीला वॉर्डात व्हेजिटेशन म्हणतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियसचे वैशिष्ट्य असे की तो निरोगी झडपेलाही धरू शकतो, त्यामुळे 'या रुग्णाला हृदयाचा त्रास कधीच नव्हता' एवढ्यावर निश्चिंत राहता येत नाही.

मेथिसिलिनला दाद न देण्याचा गुण 1961 साली इंग्लंडमध्ये प्रथम नोंदवला गेला. ते औषध वापरात येऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. या प्रतिकारामुळे हृदयाचा धोका दोन वाटांनी वाढतो. एक म्हणजे सुरुवातीला अंदाजाने दिलेली सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन किंवा मेरोपेनेमसारखी औषधे एमआरएसएवर चालत नाहीत, त्यामुळे रिपोर्ट येईपर्यंतचे दोन-तीन दिवस उपचाराविना गेल्यासारखेच असतात. दुसरे म्हणजे व्हँकोमायसिन या जंतूला मारते, पण हळू मारते. रक्त अधिक काळ जंतुमय राहते आणि झडपेवर बसायला जंतूंना अधिक वेळ मिळतो.

रुग्णालयात लागलेल्या संसर्गाचा फसवा दिलासा

दाखल झाल्यानंतर 48 तासांनी किंवा त्यापुढे सुरू झालेल्या संसर्गाला सामान्यतः रुग्णालयात लागलेला संसर्ग मानतात. धोका मोजण्याच्या गुणपद्धतींमध्ये बाहेरून संसर्ग घेऊन आलेल्या रुग्णाला जास्त गुण मिळतात आणि रुग्णालयात संसर्ग लागलेल्याला कमी. हे वरवर उलटे वाटते, पण त्यामागे कारण आहे. घरी ताप अंगावर काढलेल्या माणसाच्या रक्तात जंतू किती दिवस फिरत होते हे कोणालाच माहीत नसते. रुग्णालयात मात्र ताप आल्याबरोबर कल्चर जाते, जंतू शिरल्याची वाट, बहुधा एखादा कॅथेटर म्हणजे शिरेत घातलेली नळी, समोर दिसत असते आणि ती लगेच बंद करता येते. म्हणजे हा दिलासा या तीन गोष्टी प्रत्यक्षात घडल्या असतील तरच खरा आहे. कल्चर उशिरा गेले, कॅथेटर तसाच राहिला किंवा पहिले औषध निरुपयोगी ठरले, तर रुग्ण रुग्णालयात आहे म्हणून त्याचे हृदय सुरक्षित आहे असे समजणे चुकीचे ठरेल.

म्हणून मी स्वतः तीन प्रश्नांच्या क्रमाने जातो: हृदयात आधीपासून काय आहे, जंतू कोणत्या वाटेने आले आणि ती वाट बंद झाली का, आणि योग्य औषध सुरू झाल्यानंतरही रक्त किती दिवस जंतुमय राहिले. तिसऱ्या प्रश्नाला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो.

पहिला प्रश्न: हृदयात आधीपासून काय आहे

फाइलवर 'पूर्वीचा आजार नाही' असे लिहिलेले असले तरी रुग्णाजवळ बसून पुन्हा विचारावे. छातीच्या मधोमध उभा व्रण आहे का, डाव्या किंवा उजव्या कॉलरबोनखाली पेसमेकरचा फुगवटा हाताला लागतो का, हे सदरा बाजूला करून पाहावे. रुग्ण रक्त पातळ करणारी गोळी घेतो का आणि त्यासाठी वेळोवेळी आयएनआर (रक्त गोठण्याच्या वेळेचे मोजमाप) तपासतो का, हे विचारले की धातूची झडप बसवलेली असल्यास ते उघडकीस येते. आपल्याकडे आणखी एक प्रश्न आवर्जून विचारावा: लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, आणि दर तीन आठवड्यांनी कमरेत पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावे लागत होते का? ऱ्हुमॅटिक तापाने झडपा खराब झालेल्या कित्येक स्त्रियांना आपला आजार नावाने सांगता येत नाही, पण त्या इंजेक्शनची कळ त्यांच्या पक्की लक्षात असते.

या उत्तरांचे वजन सारखे नाही. कृत्रिम झडप असलेल्या किंवा पेसमेकर अथवा डिफिब्रिलेटर (ठोके बिघडल्यास विजेचा झटका देणारे यंत्र) बसवलेल्या रुग्णाच्या रक्तात हा जंतू सापडला, तर जवळपास निम्म्या रुग्णांमध्ये तो झडपेपर्यंत किंवा यंत्रापर्यंत पोहोचलेला असतो असे अभ्यासांत दिसले आहे. असा रुग्ण असेल तर इतर कशाचीही वाट न पाहता हृदयरोगतज्ज्ञाला बोलवावे. पूर्वी एंडोकार्डायटिस होऊन गेलेला रुग्ण त्याच पंक्तीत बसतो. जन्मजात हृदयदोष, ऱ्हुमॅटिक झडप आणि उतारवयात चुना साठून कडक झालेली महाधमनीची झडप यांचा धोका त्याखालोखाल आहे.

दुसरा प्रश्न: वाट कोणती आणि ती बंद झाली का

डायलिसिसच्या रुग्णाकडे येथे थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण धोक्याची इतकी कारणे एकाच माणसात क्वचितच एकत्र येतात. आपल्याकडे मूत्रपिंड निकामी झाल्याचे अनेकांना ऐनवेळी कळते, हातात फिस्टुला (डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडून केलेला मार्ग) करून तो तयार व्हायला आठवडे लागतात आणि तोवर मानेतल्या किंवा जांघेतल्या कॅथेटरवर डायलिसिस चालते. आठवड्यातून दोन-तीनदा ती नळी उघडली जाते आणि दर वेळी रक्ताचा थेट दरवाजा उघडतो. नाकात आणि त्वचेवर हा जंतू बाळगणाऱ्यांचे प्रमाण या रुग्णांमध्ये जास्त असते, प्रतिकारशक्ती मंदावलेली असते आणि कॅल्शियम-फॉस्फरसचा तोल बिघडल्याने झडपांवर चुना साठलेला असतो. म्हणून डायलिसिसच्या रुग्णाला, त्याचा संसर्ग रुग्णालयात लागला असला तरी, कमी धोक्याच्या गटात टाकू नये.

बाकी रुग्णांत सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी), शिरेतून पोषण देण्याची नळी, शस्त्रक्रियेची जखम आणि अगदी हातावरची साधी सलाईनची सुई या वाटा तपासाव्यात. साध्या सुईकडे दुर्लक्ष होते. पट्टी उचलून पाहिली तर शिरेवर लाल, कडक, दोरीसारखी रेघ दिसते आणि दाबले तर कधी पुवाचा थेंब बाहेर येतो. सगळे आयसीयू पालथे घालून जे सापडत नाही ते असे पट्टीखाली असते. प्रत्येक नळी कोणत्या तारखेला घातली हे पट्टीवर लिहिलेले असावे, आणि नसेल तर तीच पहिली त्रुटी समजावी.

एमआरएसए रक्तात आल्यावर संशयित कॅथेटर काढणे हाच नियम आहे. 'दुसरी शीर मिळत नाही' ही अडचण खरी असते, हे मी अनेकदा अनुभवले आहे. तरीही जुनी नळी तशीच ठेवून औषधावर विसंबणे हा जंतूंचा पुरवठा चालू ठेवण्याचा प्रकार आहे. नळी काढल्याची तारीख आणि वेळ फाइलवर नोंदवावी, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्यावर अवलंबून असतो. नळी निघूनही कल्चर पॉझिटिव्ह येत राहिले तर त्या शिरेत जंतूंनी भरलेली गुठळी राहिली आहे का, हे डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून पाहावे.

तिसरा प्रश्न: रक्त किती दिवस जंतुमय राहिले

योग्य औषध सुरू झाल्यानंतर 48 ते 72 तासांनीही कल्चर पॉझिटिव्ह येणे ही धोक्याची सर्वांत विश्वसनीय खूण आहे. ती ओळखायची तर कल्चर पुन्हा पाठवलेच पाहिजे, आणि नेमके तेच राहून जाते. पहिल्या पॉझिटिव्ह रिपोर्टनंतर दर 24 ते 48 तासांनी कल्चर पाठवावे आणि ते निगेटिव्ह येऊन तसेच टिकेपर्यंत पाठवत राहावे.

रक्त घेण्याची पद्धत चोख असावी. दोन वेगवेगळ्या जागांवरून, ताज्या टोचणीने रक्त घ्यावे. कॅथेटरचा संशय तपासण्यासाठी त्यातून रक्त घेतले तरी सोबत शिरेतून घेतलेला संच असायलाच हवा. त्वचेवर अल्कोहोलयुक्त क्लोरहेक्झिडिन लावून ते पूर्ण वाळू द्यावे. ओल्या त्वचेत सुई घालण्याची घाई करू नये. बाटलीचे रबरी बूच पुसावे आणि प्रौढ रुग्णाच्या प्रत्येक बाटलीत 8 ते 10 मिलिलिटर रक्त भरावे. तीन-चार मिलिलिटर रक्त घालून पाठवलेली बाटली निगेटिव्ह आली तर त्या निकालावर विश्वास ठेवणे कठीण असते. बाटलीवर तारखेबरोबर वेळही लिहावी.

माझ्या पाहण्यातला एक प्रसंग येथे सांगावासा वाटतो. पन्नाशीच्या एका गृहस्थांना मानेतल्या डायलिसिस कॅथेटरमधून संसर्ग झाला होता. कॅथेटर काढला, व्हँकोमायसिन सुरू झाले, दुसऱ्या दिवशी ताप उतरला आणि चौथ्या दिवशी ते पलंगावर पाय सोडून बसून बशीतून चहा पिऊ लागले. घरी कधी सोडणार, असे त्यांच्या पत्नीने विचारले आणि तो प्रश्न स्वाभाविकच होता. त्या सकाळी नियमाप्रमाणे घेतलेल्या कल्चरची बाटली मशीनमध्ये चौदा तासांतच वाजली, म्हणजे जंतू वाढल्याचा इशारा मिळाला. अन्ननलिकेतून इको (हृदयाची सोनोग्राफी) केला, तेव्हा हृदयाच्या डाव्या बाजूच्या मायट्रल झडपेच्या कडेला दर ठोक्याला झुलणारी लहानशी गाठ स्पष्ट दिसली. ताप नव्हता, भूक लागत होती, चेहरा टवटवीत होता आणि रक्तात जंतू होते. पॅरासिटामॉल, स्टेरॉइड आणि डायलिसिसचा रुग्ण मुळातच थंड असणे यांमुळे तापमापक फसवतो. अर्थात उलट बाजूही लक्षात घ्यावी: योग्य उपचारानंतर 72 तासांनीही ताप टिकून असेल, तर तो स्वतंत्रपणे धोक्याचीच खूण आहे.

दिवस मोजताना एक चूक टाळावी. मोजणी जंतूवर खरोखर चालणारे औषध ज्या दिवशी सुरू झाले त्या दिवसापासून करावी. मेरोपेनेमवर गेलेले दिवस त्यात धरू नयेत. मात्र त्या आधीच्या दिवसांतही झडपेला धोका होताच, हे विसरू नये.

रोजची तपासणी

सकाळच्या राउंडला रुग्णाचे दोन्ही तळहात उजेडात उघडे करून पाहावेत, मग तळपाय, मग नखे, आणि शेवटी खालची पापणी ओढून तिच्या आतला भाग. तळहातावर किंवा तळपायावर न दुखणारे लालसर-जांभळे डाग, बोटांच्या टोकांशी दुखऱ्या गाठी, नखाखाली काडी घुसल्यासारखी गडद रेघ, पापणीच्या आत टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके, यांपैकी काहीही दिसले तर झडपेवरून तुकडे सुटत असल्याचा संशय धरावा. सावळ्या त्वचेवर इतरत्र हे डाग लपतात, म्हणून तळहात, तळपाय आणि पापणी या तीन जागा चुकवू नयेत. स्टेथोस्कोपने रोज तीच व्यक्ती हृदय ऐकेल अशी व्यवस्था शक्यतो करावी, कारण काल नसलेला मर्मर (ठोक्यांमधला जादा फुसफुस आवाज) आज आहे हे सांगायला कालचा कान लागतो.

नातेवाइकांनी काही गोष्टी आपणहून सांगाव्यात: बोलणे अडखळणे, एका हातातली वस्तू गळून पडणे, अचानक दिसेनासे होणे, डाव्या बरगडीखाली दुखणे, श्वास घेताना छातीत टोचणे, आडवे झाल्यावर धाप लागणे, आणि कंबर किंवा पाठ सतत दुखणे. यांपैकी पाठदुखीला पलंगावर पडून राहिल्याचा परिणाम म्हणून झटकून टाकू नये. मणक्यात जंतू बसले असतील तर ते रक्तातून तेथे गेलेले असतात, आणि जे मणक्यापर्यंत पोहोचले ते झडपेपर्यंतही पोहोचू शकतात.

इको कोणाचा, कधी आणि कोणत्या प्रकारचा

छातीवरून केला जाणारा टूडी इको अशा प्रत्येक रुग्णाचा करावा, याबद्दल फारसे दुमत नाही. वाद असतो तो अन्ननलिकेतून करायच्या इकोबद्दल, ज्याला वॉर्डात टीईई म्हणतात. छातीवरून पाहताना फुफ्फुसातली हवा, बरगड्या आणि धातूच्या झडपेची सावली आड येते, त्यामुळे लहान व्हेजिटेशन सुटून जाते. अन्ननलिका हृदयाला मागून खेटून असल्याने तेथून झडपा अगदी जवळून दिसतात आणि मूळच्या झडपांवरची नव्वद टक्क्यांहून अधिक व्हेजिटेशन सापडतात.

कृत्रिम झडप, पेसमेकर, पूर्वीचा एंडोकार्डायटिस, नवा मर्मर, तुकडे सुटल्याच्या खुणा, टिकून राहिलेले पॉझिटिव्ह कल्चर, डायलिसिस, मणक्यातला किंवा हाडातला संसर्ग, यांपैकी एकही गोष्ट असेल तर टीईई करावाच. उलट ज्याचा संसर्ग रुग्णालयात लागला, ज्याच्यात यांपैकी काहीही नाही, ज्याची नळी तत्काळ निघाली, ताप आणि कल्चर दोन्ही तीन-चार दिवसांत निवळले आणि चांगल्या दर्जाचा टूडी इको निर्दोष आला, त्याला टीईईशिवाय ठेवणे बहुतेक तज्ज्ञ मान्य करतात. माझे मत असे की ऱ्हुमॅटिक झडप असलेल्या रुग्णाला या दुसऱ्या गटात बसवू नये.

या निर्णयासाठी गुणपद्धतीही आहेत. फ्रान्समध्ये तयार झालेल्या व्हिर्स्टा पद्धतीत तुकडे सुटल्याच्या खुणांना आणि मेनिंजायटिसला (मेंदूच्या आवरणाच्या संसर्गाला) प्रत्येकी 5, पेसमेकरसारख्या यंत्राला किंवा पूर्वीच्या एंडोकार्डायटिसला 4, झडपेच्या जुन्या आजाराला 3, टिकून राहिलेल्या पॉझिटिव्ह कल्चरला 3 आणि मणक्याच्या संसर्गाला 2 गुण मिळतात. एकूण 3 किंवा अधिक झाले की धोका दुर्लक्ष करण्याजोगा नाही असे समजतात. म्हणजे नुसते कल्चर टिकून राहिले तरी मर्यादा ओलांडली जाते. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये तयार झालेली प्रेडिक्ट ही पद्धत पहिल्या आणि पाचव्या दिवशी अशी दोनदा गुण मोजते. दोन्ही पद्धती ज्या देशांत घडल्या तेथे ऱ्हुमॅटिक हृदयविकार आता विरळ आहे, हे ध्यानात ठेवून त्यांचा आधार घ्यावा.

टीईईची वेळही महत्त्वाची आहे. फार लवकर केला तर व्हेजिटेशन दिसण्याएवढे मोठे झालेले नसते. पहिला टीईई निर्दोष आला पण संशय कायम राहिला, तर पाच ते सात दिवसांनी तो पुन्हा करावा. तपासणीपूर्वी सुमारे सहा तास उपाशी ठेवणे, कवळी काढून ठेवणे, आणि गिळताना अडकते का किंवा यकृताच्या आजाराने अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या आहेत का हे आधी विचारणे, एवढी तयारी परिचारिकेने करून घ्यावी.

निर्णयानंतर

हृदय निर्दोष आहे की नाही, यावर औषधाचे दिवस ठरतात, आणि म्हणूनच हा सगळा खटाटोप आहे. एंडोकार्डायटिस नाही, शरीरात कृत्रिम काही नाही, 72 तासांत ताप गेला, दोन ते चार दिवसांतले कल्चर निगेटिव्ह आले आणि जंतू इतरत्र कुठे बसलेले नाहीत, तर किमान 14 दिवसांचा उपचार पुरतो. यांपैकी एक अट मोडली तरी चार ते सहा आठवडे लागतात, आणि झडपेवर संसर्ग सिद्ध झाला तर सहा आठवडे. हे दिवस पहिल्या निगेटिव्ह कल्चरच्या तारखेपासून मोजावेत. व्हँकोमायसिन देताना औषधाची रक्तातली पातळी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), तर डॅप्टोमायसिन हे एमआरएसएवरचे दुसरे औषध देताना दर आठवड्याला सीपीके (स्नायूंना इजा झाल्यास वाढणारे प्रथिन) तपासावे. फुफ्फुसात न्यूमोनिया असेल तर त्यासाठी डॅप्टोमायसिन उपयोगी नाही, कारण फुफ्फुसातल्या सर्फॅक्टंटमुळे (हवेच्या पिशव्यांना आतून असणाऱ्या द्रवाच्या थरामुळे) ते निष्प्रभ होते. हृदय निकामी होऊ लागले, झडपेजवळ गळू झाले किंवा औषध चालू असताना तुकडे सुटत राहिले, तर शस्त्रक्रियेचा विचार लांबवू नये.

सहा आठवड्यांच्या इंजेक्शनांचा खर्च आणि रुग्णालयातला मुक्काम कुटुंबाला झेपत नाही, हे आपण रोज पाहतो. अशा वेळी स्वतःहून डिस्चार्ज घेऊन जाण्याआधी नातेवाइकांनी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. उरलेली इंजेक्शने घराजवळच्या दवाखान्यात किंवा डायलिसिसच्या दिवशीच देता येतात का, हे ठरवता येते. मध्येच बंद केलेला उपचार मात्र परत रक्तात जंतू घेऊन येतो.

डिस्चार्ज कार्डावर पहिल्या पॉझिटिव्ह आणि पहिल्या निगेटिव्ह कल्चरची तारीख, नळी काढल्याचा दिवस, इकोचा प्रकार आणि निष्कर्ष, आणि औषधाचा शेवटचा दिवस, एवढे स्वच्छ अक्षरांत लिहून द्यावे. पुढच्या तीन महिन्यांत ताप आला, तर गावातल्या डॉक्टरांना प्रथम ते कार्ड दाखवावे आणि अँटिबायोटिकची पहिली गोळी किंवा इंजेक्शन घेण्याआधी ब्लड कल्चर घ्यावे.